असू द्या हो, काका!

पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला ताटावर आडवा हात धरून थोपवता येतं. तो बोटांच्या फटीतून एक सोडतोच, ती गोष्ट वेगळी. पण आपण प्रतिकार केला याची नोंद चार माणसांत होते. भाजीबाजारात ही सोय नाही. पैसे काढायला खिशात हात घालावा, तेवढ्यात कोथिंबिरीची जुडी पिशवीत, पिशवीला गाठ आणि गाठ आपल्या करंगळीत. "पिशवी नको" म्हणालो की भाजीवाली आपल्याकडे अशी बघते, की तिच्या घरचं पाणीसुद्धा आपण नाकारलं. "असू द्या हो काका, पैसे नाही लावत त्याचे."

एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकचं आपल्याकडचं सगळं दुखणं या 'असू द्या'मध्ये आहे, असं माझं मत आहे. सरकारने प्लास्टिकविरुद्ध कायदे केले. आग्रहाविरुद्ध कायदा करायचं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तर सरकार पडलं असतं.

कायद्यांची कमतरता नाही. पहिलं भांडण झालं ते जाडीवरून. 2011 च्या केंद्राच्या नियमांत पिशवी 40 मायक्रॉनपेक्षा पातळ नको असं ठरलं. 2016 मध्ये 40 चे 50 झाले. 2021 च्या सप्टेंबरअखेर 75, आणि 2022 चं वर्ष संपता संपता 120. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन भरतो, म्हणजे कायद्याच्या देखरेखीखाली पिशवी केसाला मागे टाकून पुढे गेली. आमच्या वयात केस पातळ होत असताना पिशवीने बाळसं धरावं, यातला दुजाभाव सोडून देऊ.

पण या जाडीमागे विचार होता, आणि तो चांगला होता. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट वाटणार नाही. शिवाय जाड पिशवीला भंगारात वजन असतं, म्हणून कचरा वेचणारी बाई ती उचलते. पातळ पिशव्या किलोभर जमवायला दिवस जातो आणि त्यांना मातीच फार लागलेली असते. ती बाई शहाणी असते, ती बाटल्या उचलते आणि पातळ पिशवी तुमच्या-आमच्या गटारासाठी ठेवून जाते. म्हणजे सरकारला आग्रहाचा सुगावा लागलेला होता. आग्रह महाग केला की तो आपोआप कमी होईल, असा त्यांचा हिशोब. हिशोब कागदावर बरोबर होता. फक्त आग्रह करणाऱ्यांनी महाग पिशवी घेतलीच नाही. ते पातळच घेत राहिले.

पातळ पिशवीची किंमत मुंबईने या नियमांच्या आधीच, 26 जुलै 2005 ला मोजली होती. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहर जागच्या जागी बुडालं. दोष पुष्कळांना लागला. मिठी नदीच्या पात्रात शिरलेल्या बांधकामांना लागला, इंग्रजांच्या वेळच्या गटारांना लागला, भरतीलाही लागला. पण बांधकामं साळसूदपणे उभी होती, गटारं जमिनीखाली होती आणि समुद्राला नोटीस बजावता येत नाही. पिशवी तेवढी रंगेहाथ सापडली, गटाराच्या तोंडाशी. राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. त्यानंतर बाजारात पिशवी देताना 'असू द्या' जरा हळू आवाजात म्हटलं जाऊ लागलं, एवढा फरक पडला.

मग आलं 2018. 23 मार्चच्या अधिसूचनेने महाराष्ट्राने जाडीचा हिशोबच सोडून दिला. हँडल असो वा नसो, पिशवी बंद. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे पेले, चमचे, स्ट्रॉ, सगळं बंद. तीन महिन्यांची मुदत, आणि 23 जूनपासून दंड: पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. लोकलमधून उतरणारे लोक लॅपटॉपच्या बॅगेत मेथी भरून घरी नेत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सादरीकरणाच्या वेळी बॅग उघडली की आधी माती बाहेर यायची. एक गृहस्थ हेल्मेटमधून टोमॅटो नेताना मी स्वतः पाहिले. डोकं उघडं होतं, पण ते पर्यावरणाच्या बाजूने होते. घराघरांतल्या कपाटांवरून नायलॉनच्या जुन्या पिशव्या खाली आल्या. आमच्याकडे एका जुन्या पँटच्या दोन पायांच्या दोन पिशव्या होत्या. त्यातल्या एकीला खिसा शाबूत असल्यामुळे सुट्टे पैसे ठेवायची सोय होती. ती घेऊन गेलं की मटारवाला आधी पिशवीकडे, मग माझ्या पायांकडे आणि शेवटी तराजूकडे बघायचा.

आणि भाजीवाली? तिच्या पिशव्या गेल्या गोणपाटाखाली, आणि गोणपाटावर ती स्वतः बसली. पथकाची गाडी कोपऱ्यावर आली की बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक शीळ जायची आणि सगळ्या पिशव्या गुप्त व्हायच्या. गाडी गेली की पुन्हा प्रकट. मात्र यात एक गोम झाली, जी अधिसूचना लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. पूर्वी पिशवी कुणालाही मिळायची, म्हणून तिची काही प्रतिष्ठा नव्हती. बंदीनंतर ती फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकाला मिळू लागली. इकडे-तिकडे पाहून, गोणपाट जरासं उचलून, भाजीवाली ती काढते आणि पदराआडून तुमच्या हातात देते. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी ती बाई तुमच्याकरता 5,000 रुपयांचा धोका पत्करते आहे. आता सांगा, नको कसं म्हणायचं?

केंद्राची बंद वस्तूंची मोठी यादी लागू झाली 1 जुलै 2022 ला. ती यादी वाचनीय आहे. कान कोरायच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, काटे-चमचे, आणि मिठाईचा डबा, निमंत्रणपत्रिका व सिगारेटचं पाकीट यांच्यावर गुंडाळलेला पातळ कागद. लग्न ठरण्यापासून ते वधुपित्याने मांडवामागे जाऊन सिगारेट ओढण्यापर्यंतचा सगळा कार्यक्रम एका ओळीत. बॅनरही आहेत, पण 100 मायक्रॉनहून पातळ तेवढेच. चौकातल्या दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याहून जाड असतो. दादांसारखाच, त्यामुळे त्याला कुणी हात लावत नाही.

सगळ्यात गंमत गुटख्याची. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. गुटखा प्लास्टिकच्या पुडीत भरून विकायला वेगळी मनाई आहे. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात या दोन्ही बंदी रोज सकाळी एकत्र पडलेल्या सापडतात.

शहाळेवाल्याने मात्र कायदा पाळला. कागदी नळी देतो. ती पाणी संपेपर्यंत टिकते आणि मलईशी पोचेपर्यंत लगदा होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मलई खायला त्याच शहाळ्याची कवटी तासून चमचा करून देतात, आणि तो चमचा जगातल्या कुठल्याही यादीत बंद नाही.

खरी परीक्षा असते ती डबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाची. आमच्या घराजवळ डेअरी आहे. तिथे सुट्टं दही मिळतं, घट्ट, वर सायीचा थर. मी स्टीलचा डबा घेऊन गेलो. "यात अर्धा किलो दे रे. प्लास्टिक नको." पोरगा मनमिळाऊ. "बरोबर आहे काका, प्लास्टिक लई वाईट," म्हणाला. मग त्याने गठ्ठ्यातून एक पिशवी ओढली, फुंकर मारून तिचं तोंड उघडलं, तिच्यात दही भरलं, काट्यावर ठेवलं, चमचाभर काढलं, चमचाभर घातलं, अर्धा किलो नेमकं झाल्यावर पिशवी माझ्या डब्यात उपडी केली, दोन बोटांनी निपटली, आणि गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "घ्या. बिनप्लास्टिकचं."

त्या पिशवीचं आयुष्य अर्ध्या मिनिटाचंही नव्हतं. मी ती घरी आणली असती तर बायकोने धुऊन, स्वयंपाकघरातल्या फरशीला चिकटवून वाळवली असती आणि पुढे त्या पिशवीने कढीपत्ता, काडेपेटी, पावसाळ्यात मोबाइल आणि शेवटी कचरा असा संसार केला असता. आमच्याकडे एकदाच वापरायचं असं काही राहतच नाही. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड फार तर दोन दिवस असतं. त्यानंतरची दहा वर्षं त्यात मोहरी असते.

पोराला विचारलं, थेट डब्यातच का नाही मोजलंस? म्हणाला, "डब्याचं वजन येतं ना काका. तुमचाच तोटा." म्हणजे तो माझं हित बघत होता. आग्रहाचं हे सगळ्यात अवघड रूप: ज्यात तुमचं भलं असतं.

हॉटेलातल्या पार्सलची तऱ्हा आणखी निराळी. तिथे डबा नेला तर काउंटरवरचा माणूस संशयाने बघतो. "मोठा आहे तुमचा डबा." त्याचं माप पिशवीत असतं. सांबार म्हणजे एक पिशवी, चटणी म्हणजे अर्धी. डब्यात ओतलं तर किती ओतायचं हे त्याला ठाऊक नसतं आणि मालकाला त्याहून नसतं. शेवटी सांबार आधी पिशवीत आणि पिशवी डब्यात, अशी तडजोड होते. त्या पिशवीला हवा भरून, पीळ देऊन, दोऱ्याने जी गाठ मारलेली असते ती आजवर कुणी नखाने सोडवल्याचं ऐकिवात नाही. कात्री आणा, पातेलं धरा, लांब उभे राहा. महाराष्ट्रातल्या किती शर्टांवर किती सांबार या क्षणी उडालं असेल!

चहाचंही तेच, फक्त जास्त गरम. चहा पिशवीत आणि सोबत कागदी पेले. हे पेले पुष्कळांना निष्पाप वाटतात, कारण नावात कागद आहे. आतून त्यांना प्लास्टिकचा पातळ मुलामा असतो, नाहीतर चहा टेबलावर आला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिलं, की अशा पेल्यात 100 मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं ठेवला तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. यावर आमच्या कट्ट्यावरची प्रतिक्रिया अशी, की एक कटिंग पंधरा मिनिटं पुरवणारा माणूस फक्त सरकारी कचेरीत सापडेल, बाकीच्यांनी घाबरायचं कारण नाही. काचेचा ग्लास मागावा तर टपरीवाला म्हणतो, "कशाला काका, उष्टा असतो." पुन्हा आपलंच भलं.

मासळीबाजाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. बोंबील कापडी पिशवीतून आणणारा माणूस पर्यावरण वाचवतो, पण त्या दिवशी बसमध्ये त्याला बसायला जागा मिळते ती लोक उठून गेल्यामुळे. डबा नेला तर कोळीण पापलेटच्या बाहेर राहणाऱ्या शेपटीकडे बोट दाखवून विचारते, "कापू का हिला तुझ्या डब्यापायी?" जुनी माणसं मासळीची वेगळी पिशवी ठेवत, ती मागच्या दारी खिळ्याला टांगलेली असे आणि मांजरं तिच्याकडे आशेने बघत असत. फ्लॅटला मागचं दार नाही. आमच्या इमारतीत तर खिळा ठोकायलाही सोसायटीची परवानगी लागते.

मग कापडी पिशव्या आल्या. आल्या म्हणजे काय, महापूर आला. पूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका प्लास्टिकच्या साबणदाण्या, गाळण्या, चिमटे लुटत. हल्ली जागृती झाली आहे, म्हणून कापडी पिशव्या लुटतात. चांगलंच आहे. पण एका बाईची पंधरा घरची हळदीकुंकवं, वर नगरसेवकांचा फोटो असलेली, बँकेची, डोहाळजेवणाची, शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची. इंग्लंडमधल्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेने 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोरी सुती पिशवी निदान 131 वेळा वापरावी, तेव्हा कुठे हवामानाच्या हिशोबात ती एकदा वापरून टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करते, असं त्यात निघालं. आठवड्याचा बाजार धरला तर एका पिशवीला अडीच वर्षं. आमच्या दाराआडच्या खुंटीला आज ज्या पिशव्या लोंबताहेत त्यांना पर्यावरणाचं देणं फेडायला आमची हयात पुरणार नाही, नातवाने जबाबदारी उचलावी लागेल. बायकोला हा हिशोब सांगितला. "मग पुढच्या संक्रांतीला काय लुटू?" तिने विचारलं. काही लुटू नकोस, म्हणालो. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती भाजीवालीचीच होती.

पँटच्या पिशवीला हा हिशोब लागू नाही, हे नमूद करतो. ती तिचं आधीचं आयुष्य पँट म्हणून फेडून आलेली आहे.

कापडासारखी दिसणारी एक रंगीत पिशवीही असते, साड्यांच्या दुकानात मिळते, हाताला मऊ लागते. तिला लोक विश्वासाने कापडी म्हणतात. ती पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे पुन्हा प्लास्टिकचीच. शिवाय आता काही दुकानांत हिरवट पिशव्या येतात, त्यांच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'आय ॲम नॉट प्लास्टिक'. ज्याला दारातच 'मी तो नव्हेच' असं सांगावं लागतं त्याच्याबद्दल मला थोडी शंका येते. ती बरोबर निघेलच असं नाही, पण अशा पिशवीचं खत व्हायला योग्य उष्णता आणि व्यवस्था लागते, ती आमच्या कुंडीत नाही.

दुधाच्या पिशवीचं तेवढं बरं चाललं होतं, म्हणजे सरकारने लक्ष घालण्यापूर्वी. ती धुऊन, वाळवून, गठ्ठा बांधून भंगारवाल्याला देण्याची आपली रीत जुनीच. मग ठरलं की पिशवी परत केली तर ग्राहकाला पन्नास पैसे मिळावेत. आता पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं. 2011 च्या जूनअखेर बाद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे. पण दूधवाल्यापुढे जाऊन आठ आणे मागण्याचं धैर्य मध्यमवर्गात उरलेलं नाही. तो एक चॉकलेट देतो. तेही प्लास्टिकच्या कागदात. पिशवी कापताना मात्र कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, चीर पाडून लोंबता ठेवावा. तो करंगळीच्या नखाएवढा त्रिकोण सिंकमध्ये जातो आणि तिथून कुठल्याच भंगारवाल्याच्या हाती लागत नाही. हे आमच्या घरात आता सगळ्यांना जमतं, फक्त कात्री कुणाला सापडत नाही.

राहिला तो दह्याचा प्रश्न. आमच्या इमारतीत वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना ही हकीकत सांगितली तर ते चवताळले. "अहो, धडा करायचा! धडा!" पूर्वी तेलाची बरणी घेऊन गेलं की वाणी आधी रिकाम्या बरणीचा धडा करायचा. दुसऱ्या पारड्यात दगड, मोडकं कुलूप, दोन-चार खिळे टाकून काटा मध्यावर आणायचा आणि मग तेल ओतायचा. "आणि आता तर विजेच्या काट्याला त्यासाठी बटणच असतं," काका म्हणाले. डबा ठेवायचा, बटण दाबायचं, आकडा शून्य. कंपनीने काट्यात धडा घालून दिलाय आणि पोरांना पिशवी लागते! काका स्वतः डेअरीत आले. पोराला त्यांनी बटण दाखवलं. पोराने आजवर ते बटण दाबलं नव्हतं, त्याला वाटायचं ते दाबलं की बिघडतं.

त्याने माझा डबा ठेवला, बटण दाबलं, शून्य आलं. तो हरखला. थेट डब्यात दही घातलं, अर्धा किलो बरोब्बर. काकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी झाकण लावायला हात पुढे केला, तोवर पोराने गठ्ठ्यातून एक पिशवी ओढून डब्याच्या तोंडावर ताणून बसवली होती आणि तिला रबर लावत होता.

"अरे, झाकण आहे ना माझ्याकडे!"

"असू द्या हो काका, स्कूटरवर सांडंल," तो म्हणाला, आणि निवृत्त काकांकडे वळला. "तुम्हाला पण देऊ का अर्धा किलो? डबा नसंल तर पिशवीत देतो."